पहिल्या वर्षाची शुगर

टाइप वन डायबेटिस झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे, "बघ, इन्सुलिन कमी कमी होत चाललंय ना? सुटणार तुझं." बोलणाऱ्यांच्या मनात मायाच होती. शेजारच्या काकू, बँकेतली मंडळी, माझे सख्खे मामा. पण इन्सुलिन कमी लागण्याचे जे हे दिवस असतात, तेच कंबर कसून शुगर सांभाळायचे दिवस असतात. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं म्हणून मला ते कळलं. सगळ्यांना असं बजावणारं कुणी भेटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२२ चा उन्हाळा होता. सांगलीत एप्रिल-मेमध्ये तहान कुणाला लागत नाही? त्यामुळे मी दिवसभर पाणी पितेय, बँकेतून येताना रसवंतीवर थांबून उसाचा रस घेतेय, रात्री पुन्हा पुन्हा उठतेय, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. वजन उतरत होतं. नणंदेचं लग्न नुकतंच पार पडलं होतं, धावपळीनं झालं असेल असं सगळ्यांनी धरलं. ब्लाउज सैल पडायला लागले तेव्हा सासूबाईंनीच आधी विचारलं, "अगं, जेवतेस ना नीट?" जेवत तर मी दुप्पट होते.

रक्त तपासलं तर उपाशीपोटी शुगर २८० च्या घरात. माझं वय सत्तावीस, अंगानं बारीक, घराण्यात कुणाला डायबेटिस नाही. तरी पहिल्या डॉक्टरांनी टाइप टू धरून गोळ्या सुरू केल्या. टाइप वन फक्त लहान मुलांनाच होतो हा समज अजून फार पक्का आहे. तो तिशीत होतो, चाळिशीतही होतो. झपाट्यानं वजन उतरलेला तरुण माणूस समोर आला तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन नसलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) आणि रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्याशिवाय त्याला गोळ्यांवर घरी पाठवू नये, असं माझं आज ठाम मत आहे. गोळ्यांनी शुगर हलली नाही. काही आठवड्यांतच उलट्या, पोटात कळा आणि नुसतं बसल्या जागी लागणारी धाप सुरू झाली. मिरजेला नेलं तेव्हा ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. मीटरला मोजता येते त्याच्याही वर शुगर गेली होती. कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी झालेलं. मग आयसीयू, सलाईन, इन्सुलिनचं ड्रिप, पोटॅशियम आणि दर तासाला टोचणारं बोट.

खोलीत हलवल्यावर माझ्या डॉक्टर मॅडम आल्या आणि खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसल्या. नवरा उभा होता, त्यालाही बसायला लावलं. हातात रिपोर्ट होते. शरीराचा स्वतःवरच चाललेला हल्ला दाखवणारी जीएडी अँटिबॉडी पॉझिटिव्ह, सी-पेप्टाइड ०.६. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा बरोबरीनं सी-पेप्टाइडही रक्तात सुटतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून शरीर स्वतःचं किती बनवतंय हे त्यावरून कळतं. माझं कमी होतं, पण संपलेलं नव्हतं.

"तुमच्याच रोगप्रतिकारक पेशी स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटल्यात," त्या म्हणाल्या. "बऱ्याचशा गेल्या. ज्या उरल्यात त्या वाढलेल्या साखरेनं गळून गेल्यात. साखर खाली आली की त्या थोडं काम करायला लागतील आणि तुमचा डोस उतरेल. अगदी चार-सहा युनिटांवरसुद्धा येईल. त्याला आम्ही हनिमून म्हणतो. तेव्हा तुम्हाला वाटेल बरं झालं, घरच्यांनाही वाटेल. इन्सुलिन बंद करायचं नाही आणि ढिलाई करायची नाही. जमेल?"

नवऱ्यानं विचारलं, "मॅडम, आत्ताच तर निदान झालंय. थोडं स्थिरस्थावर होऊ दे, मग कडक करू, असं नाही का चालणार?"

मला हा प्रश्न रास्त वाटला होता. मॅडमनाही तो बहुधा रोज येत असावा, कारण त्यांनी तिथेच, औषधांच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, दोन रेघा काढून दाखवल्या. अमेरिका आणि कॅनडातल्या २९ केंद्रांमध्ये १९८३ ते १९९३ या काळात टाइप वनच्या १४४१ रुग्णांचा एक अभ्यास झाला. डीसीसीटी हे त्याचं नाव. वयं १३ ते ३९. निम्म्यांना त्या काळची रूढ पद्धत, म्हणजे दिवसाला एक किंवा दोन इंजेक्शनं. उरलेल्या निम्म्यांना दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं किंवा पंप, निदान चार वेळा बोट टोचून तपासणी आणि दर महिन्याला केंद्रात भेट. पहिल्या गटाची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी, ९ च्या आसपास राहिली आणि दुसऱ्याची ७ च्या. ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात पडद्याचा विकार होण्याचा धोका कडक गटात ७६ टक्क्यांनी कमी झाला. नसांच्या विकाराचा ६० टक्क्यांनी. मूत्रपिंडांनाही फायदा झाला.

ही झाली पहिली रेघ. मला हलवून सोडलं ते दुसरीनं. अभ्यास संपल्यावर सगळ्यांनाच कडक पद्धत शिकवली गेली. पुढच्या वर्षांत दोन्ही गटांची सरासरी एकमेकांजवळ, ८ च्या आसपास येऊन ठेपली. म्हणजे आता दोघांची शुगर सारखीच. पण गुंतागुंती सारख्या झाल्या नाहीत. ज्यांनी आधीची वर्षं नीट सांभाळली होती ते वर्षानुवर्षं पुढेच राहिले. २००५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोकाही त्यांच्यात ४२ टक्क्यांनी कमी निघाला. शरीर सुरुवातीची साखर लक्षात ठेवतं, म्हणून डॉक्टर लोक याला मेटाबॉलिक मेमरी म्हणतात. मी कॅश काउंटरवर यायच्या आधी कर्जखात्याच्या टेबलावर होते. सुरुवातीचे हप्ते थकले की पुढे नियमित भरूनही व्याज माणसाची पाठ सोडत नाही, हे रोज बघितलेलं. मला आणखी समजवावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र मॅडमनी लपवली नाही. त्याच अभ्यासात कडक गटातल्या लोकांना शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग तिप्पट आले होते. "म्हणून कडक म्हणजे आंधळं कडक नाही," त्या म्हणाल्या. दोन वेळा मिक्स इन्सुलिन आणि ठरावीक वेळी ठरावीक जेवण, ही सोपी पद्धत त्यांनी मला सांगून पाहिली आणि मग बाजूला ठेवली. मला रात्री एक बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, आणि प्रत्येक खाण्याआधी झटपट इन्सुलिन अशी दिवसाला चार इंजेक्शनं ठरली. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लागला. ध्येय असं की दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शुगर ७० ते १८० च्या मध्ये असावी आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ जावा. दोन्ही आकडे एकत्र बघायचे. एकट्या एचबीएवनसीवर खूश व्हायचं नाही, कारण वारंवार खाली जाणाऱ्या माणसाचीही सरासरी छान दिसते.

घरी आल्यावर पहिली खरेदी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची. सासूबाईंना ते आधी आवडलं नाही. "पन्नास वर्षं भाकऱ्या थापतेय मी. हाताला अंदाज आहे माझ्या." मी म्हटलं, "आई, अंदाज तुमचा बरोबरच आहे, पण इन्सुलिनला आकडा लागतो." त्यांनी नेहमीसारखा पिठाचा गोळा घेतला आणि तसाच्या तसा काट्यावर ठेवला. मग पाणी न घालता नुसतं पीठ वाटीत घेऊन मोजलं. दोन-तीन वाट्या अशा भरल्या, रिकाम्या केल्या, आणि शेवटी ४५ ग्रॅम जोंधळ्याचं पीठ ज्या वाटीत बरोबर मावत होतं ती स्टीलची छोटी वाटी पिठाच्या डब्यात कायमची ठेवून दिली. ४५ ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ३० ग्रॅम कार्ब, म्हणजे शुगर वाढवणारी कर्बोदकं. माझा हिशेब त्यांनी असा एका वाटीत बसवला. माझी पुढची सगळी शिस्त त्या वाटीवर उभी आहे.

हिशेब अवघड नाही, फक्त रोज करावा लागतो. सुरुवातीला माझा दिवसाचा एकूण डोस २४ युनिटं होता. १२ रात्रीचं बेसल (ग्लार्जिन), उरलेली बारा जेवणांना वाटून. ५०० ला एकूण डोसानं भागलं की एक युनिट किती ग्रॅम कार्ब पेलतं याचा अंदाज येतो. माझं आलं वीसच्या आसपास. मग कच्चे पोहे ५० ग्रॅम म्हणजे ३८ ग्रॅम कार्ब, जवळपास दोन युनिटं. शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे २८. कणकेच्या एका पातळ पोळीत २० च्या आसपास. पिठलं, भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक यांचं ओझं कमी. हा आकडा सुरुवातीपुरता असतो. सकाळी शरीरातली दुसरी संप्रेरकं इन्सुलिनच्या आड येतात, त्यामुळे माझ्या नाश्त्याला तेच पोहे रात्रीपेक्षा जास्त इन्सुलिन मागतात. हे पुस्तकात वाचून नाही कळत. सेन्सरच्या आलेखावर रोज सकाळी नऊला उभा राहणारा डोंगर बघून कळतं.

त्या डोंगरावर सगळ्यात मोठा उपाय निघाला तो वेळेचा. इंजेक्शन घेऊन लगेच खाल्लं तर पोह्यांची साखर आधी पोचते आणि इन्सुलिन मागून. पंधरा मिनिटं आधी घेतलं की तोच डोस, तेच पोहे, आणि डोंगर निम्मा. डोस वाढवायच्या आधी वेळ सुधारा, हे मी आता प्रत्येक नव्या माणसाला सांगते. भडंग मात्र कशालाच बधत नाही. चुरमुरे कापसासारखे हलके वाटतात, पण शुगर अशी चढवतात की सांगलीकर असूनही मला ते मोजून, जेवणाच्या शेवटी, मूठभरच ठेवावं लागलं.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. शुगर खाली यायला लागली आणि मला धूसर दिसायला लागलं. बँकेत पासबुकावरचे आकडे वाचता येईनात. मी घाबरले, वाटलं डोळ्यांवर परिणाम झालाच. मॅडम म्हणाल्या, साखर जास्त असताना डोळ्याच्या भिंगात पाणी शिरलेलं असतं, साखर भराभर उतरली की भिंगाचा आकार बदलतो. काही आठवडे थांबा, चष्मा करू नका. तसंच झालं. नव्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर चष्म्याचे पैसे वाया जातात आणि भीती बसते ती वेगळीच.

सिरिंज वापरणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देऊन टाकते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलीलीटरला ४० युनिटं) येतात आणि पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. बाटली ४० ची असेल तर सिरिंजही ४० चीच हवी. मेडिकलच्या दुकानात घाई असते, तिथे स्वतः वाचून घ्या.

पावसाळा सुरू झाला आणि मॅडम म्हणाल्या होत्या तसं डोस उतरायला लागला. आधी दुपारचं इन्सुलिन निम्म्यावर आलं, मग रात्रीचं. गणपती येईपर्यंत दिवसाचा एकूण डोस नऊ-दहा युनिटांवर आला होता. सी-पेप्टाइड पुन्हा तपासलं तर ते पहिल्यापेक्षा वाढलेलं. घरात आनंद झाला, मलाही झाला. आणि तेव्हाच "सुटणार तुझं" सुरू झालं.

मामा जांभळाच्या बियांची पूड घेऊन आले. कुणीतरी एका काढेवाल्याचा नंबर दिला, जो महिन्याभरात इन्सुलिन सोडवतो म्हणे. मी मामांना समोर बसवून मोबाइलवर आयसीयूतले रिपोर्ट दाखवले. टाइप टूमध्ये शरीर इन्सुलिन बनवत असतं, फक्त ते पुरत नाही किंवा लागू पडत नाही. माझ्यात बनवणाऱ्या पेशीच मरतायत. उरलेल्यांच्या जिवावर मी आज नऊ युनिटांवर आहे. ते नऊही काढून घेतले तर पुन्हा कीटोन, पुन्हा आयसीयू, आणि वेळेत पोचले नाही तर त्याच्याही पुढे. मामा रागावून गेले. पुढे दिवाळीला स्वतः फोन करून बोलावलं त्यांनी, पण ती पूड मी घेतली नाही ती नाहीच.

या काळातली खरी कसरत वेगळीच असते. स्वादुपिंड मधूनच जोर करतं, मधूनच थकतं. काल दीड युनिट लागलं होतं तिथे आज एकानंही शुगर खाली जाते. एका युनिटात जवळजवळ ४० ते ५० ग्रॅम कार्ब जिरत असताना एक युनिटचा फरक म्हणजे दीड भाकरीचा फरक. त्यामुळे अर्ध्या युनिटचं पेन मला त्या वर्षात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. मोठ्या माणसांना ते कुणी सुचवत नाही, लहान मुलांसाठीच आहे असं समजतात. हनिमूनमध्ये असलेल्या प्रत्येकानं ते आपणहून मागावं.

पेन यायच्या आधी एकदा काउंटरवर असताना शुगर लो झाली. महिन्याची सुरुवात, पेन्शनवाल्यांची रांग. मी पाचशेच्या नोटांचं बंडल मोजत होते आणि साठाच्या पुढचा आकडा येईना. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा साठाजवळ येऊन बोटं थांबली. नोटेवरचा अशोकस्तंभाचा छाप दिसत होता, पण पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. समोरचे आजोबा म्हणाले, "बाई, बरं नाही वाटत का?" सेन्सरवर ५४ आणि खाली जाणारा बाण. ड्रॉवरमधली ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून प्यायले. १५ ग्रॅम साखर म्हणजे चहाचे तीन चमचे, मग १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. या पंधरा मिनिटांत हाताला येईल ते खावंसं वाटतं आणि ते आवरावं लागतं, नाहीतर तासाभरानं शुगर अडीचशे. मॅनेजर साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी शेजारच्या काउंटरवर रांग वळवली. नोकरीच्या ठिकाणी हा आजार लपवू नका. लपवून कडक शुगर सांभाळता येत नाही.

त्या संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. रात्रीचं बेसल आणखी खाली आणलं, सेन्सरचा अलार्म ८० वर लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "दोन आठवडे थोडं वर राहू दे. वारंवार लो झालं की शरीर लक्षणं दाखवणं सोडतं. ते आपल्याला नकोय."

गौरी आल्या. आवाहनाला शेपूची भाजी आणि भाकरी, ते सोपं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. मी पुरणपोळी खाल्ली आणि वर तूपही घेतलं. गूळ, मैदा आणि डाळ एकत्र असली तरी तुपामुळे पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे साखर लगेच न चढता दोन-तीन तासांनी चढते. सगळा डोस आधी घेतला तर जेवता जेवता लो आणि चारला हाय. म्हणून अर्धा आधी, अर्धा दीड तासानं. शुगर १६५ च्या वर गेली नाही. कडक कंट्रोल म्हणजे ताटातले पदार्थ काढून घेणं असं लोकांना वाटतं. माझ्याकडून काढून घेतला गेला तो फक्त अंदाजपंचे.

त्याच सुमारास मी वाचायला लागले. नवऱ्याचा एक मित्र औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, तो पेपर मिळवून द्यायचा. १९८९ सालचा एक छोटा अभ्यास हाती लागला. नुकतंच निदान झालेल्या काही किशोरवयीन मुलांना दोन आठवडे पलंगाशेजारच्या यंत्रानं इन्सुलिन देऊन शुगर अगदी नॉर्मलच्या जवळ ठेवली होती, आणि वर्षभरानं त्यांचं सी-पेप्टाइड इतरांपेक्षा चांगलं निघालं. मला झोप लागली नाही. म्हणजे मी आत्ता जितकी कडक राहीन तितक्या माझ्या उरलेल्या पेशी वाचतील! डीसीसीटीतही ज्यांच्यात थोडं सी-पेप्टाइड शिल्लक होतं, त्यांचं कडक गटात जास्त दिवस टिकलं होतं. मी ध्येय आणखी आवळलं, जेवणानंतर १४० च्या वर जाऊ द्यायचं नाही असं मनाशी ठरवलं.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि नुकताच, सप्टेंबर २०२२ मध्ये छापून आलेला ब्रिटनमधला अभ्यास दाखवला. ९७ मुलं, निदान होऊन २१ दिवसही झाले नव्हते अशी. निम्म्यांना सेन्सर बघून आपोआप इन्सुलिन देणारा पंप, निम्म्यांना नेहमीची इंजेक्शनं. पंपवाल्यांची शुगर चांगली राहिली, पण वर्षभरानं सी-पेप्टाइड दोन्ही गटांत सारखंच उतरलेलं. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ११३ मुलांवरचा अभ्यास आला, त्यातही तेच. कडक गटाचा ७८ टक्के वेळ ध्येयात, दुसऱ्याचा ६४ टक्के, सी-पेप्टाइडमध्ये मात्र फरक नाही. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात व्हेरापामिल या रक्तदाबाच्या जुन्या गोळीनं सी-पेप्टाइड थोडं जास्त टिकलं, पण मॅडम म्हणाल्या, मुलांच्या एवढ्या छोट्या अभ्यासावरून मी तुम्हाला ती सुरू करणार नाही.

मला रडू आलं त्या दिवशी. मी इतके महिने जे जिवापाड करत होते त्याचा एक मोठा हेतूच काढून घेतल्यासारखं झालं. "मग कशासाठी करतेय मी हे?" असं मी त्यांना सरळ विचारलं.

"पेशी जायच्या त्या जातील. ती लढाई इन्सुलिननं जिंकता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण डोळे, किडन्या, पाय, हृदय हे जायलाच हवेत असं नाही. आणि दुसरं, आत्ता स्वादुपिंड तुम्हाला हात देतंय तोवर हे सगळं शिकून घेणं सोपं आहे. ते थांबल्यावर शिकायला बसाल तर फार जड जाईल."

हे दुसरं म्हणणं मला त्या वेळी सांत्वनासारखं वाटलं होतं. ते किती खरं होतं हे पुढच्या हिवाळ्यात कळलं. तापाचं निमित्त झालं. ताप उतरला, पण डोस उतरला नाही. दहाचे पंधरा, पंधराचे बावीस, आणि काही महिन्यांत बत्तीस. सी-पेप्टाइड ०.३ वर आलं. हनिमून संपला. पण घरात कुणी गडबडलं नाही. सासूबाईंची वाटी तीच, पोह्यांचं वजन तेच, फक्त एका युनिटाला ग्रॅम कमी झाले. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस बेसल वाढवावं लागतं आणि पाळी सुरू झाली की लगेच खाली आणावं लागतं, हेही तोवर माझ्या वहीत नोंदलेलं होतं. मराठीत हे कुणी लिहीत नाही. मुलींना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तसं काही नसतं, त्या दिवसांतली संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात.

खर्चाचं लिहायलाच हवं. सेन्सर दर चौदा दिवसांनी बदलावा लागतो आणि बहुतेक विमा योजना त्याला हात लावत नाहीत. पहिलं वर्ष आम्ही तो सलग लावला, त्यासाठी सोनं मोडलं. आता एक महिना सेन्सर, एक महिना बोट टोचून तपासायच्या पट्ट्या. पण ज्यांना हेही परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये, कारण डीसीसीटी झाला तेव्हा सेन्सर नव्हते आणि आजची झटपट इन्सुलिनंही नव्हती. त्यातलं पहिलं १९९६ मध्ये बाजारात आलं. त्या लोकांनी साधं रेग्युलर इन्सुलिन, बोट टोचून चार तपासण्या आणि वही यांच्या जोरावर ७ गाठलं होतं. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं, एवढाच बदल. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) जून २०२२ मध्ये टाइप वनसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती आपल्या डॉक्टरांशी बोलताना कामाला येतात.

आता आम्ही बाळाचा विचार करतोय. मॅडम म्हणाल्या, दिवस राहायच्या आधी एचबीएवनसी ६.५ च्या खाली हवी, कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, आपल्याला कळायच्या आधी. माझी मागची ६.८ होती. आलेखावर पाहिलं तर सगळा फरक सकाळच्या नाश्त्यात आहे, म्हणून गेल्या महिन्यापासून पोह्यांच्या जागी मुगाचं धिरडं आणि इन्सुलिन वीस मिनिटं आधी, असं सुरू केलंय. डोळ्यांचा पडदा तपासून झाला, स्वच्छ आहे. किडनीसाठी बघतात ते लघवीतलं अल्ब्युमिन नॉर्मल. पुढची एचबीएवनसी दिवाळीच्या आधी करायची ठरलीय.